ज्ञानकोशकारांच्या घरी पडलेली नाणी

१९२८ च्या सुमारास पुण्यातल्या एका सुशिक्षित घरात दिवसाढवळ्या नाणी पडू लागली. चार माणसं बोलत बसलेली असताना मध्येच फरशीवर खण्णकन आवाज व्हायचा आणि पाहावं तर नाणं. सुरुवातीला आवाजच तेवढा ऐकू यायचा. मग नाणं पडताना दिसू लागलं. पुढे पुढे तर ते अधांतरी प्रकट होताना आम्ही स्वतः पाहिलं, असं घरातल्या एका बाईंनी लिहून ठेवलं. वस्तू जागच्या नाहीशा व्हायच्या, भलत्याच ठिकाणी सापडायच्या, काचेचं सामान येऊन आदळायचं. आणि हे सगळं व्हायचं ते घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या एका दत्तक मुलाच्या आसपास.

घर कुणाचं होतं? डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड ज्यांनी मराठीच्या पदरात टाकले, ते ज्ञानकोशकार केतकर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतलेला माणूस. जगातली जेवढी म्हणून माहिती आहे ती पारखून, वर्गवारी लावून, अकारविल्हे मांडायची, हे ज्यांच्या आयुष्याचं काम, नेमक्या त्यांच्याच घरात कुठल्याच वर्गात न बसणारी गोष्ट घडत होती. महाराष्ट्रात भानामतीच्या कथा पैशाला पासरी. पण या कथेत आपण ज्यांच्या शब्दावर एरवी डोळे मिटून विश्वास ठेवू, अशी माणसं साक्षीला उभी आहेत. म्हणून ती मला सोडत नाही.

नोंदी ठेवणाऱ्या बाई म्हणजे केतकरांच्या मेहुणी, मिस एच. कोह्न. केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई या मूळच्या एडिथ कोह्न, जर्मन ज्यू घराण्यातल्या. लग्नाच्या वेळी व्रात्यस्तोम विधी करून त्यांना हिंदू करून घेतलं गेलं, त्याची त्या काळी बरीच चर्चा झाली होती. त्यांची बहीणही पुण्यात याच घरी राहायची आणि डेक्कन कॉलेजात युरोपीय भाषा शिकवायची. विश्रांतवाडी-येरवडा भागात राहणाऱ्यांना डेक्कन कॉलेजची ती जुनी दगडी इमारत नवी नाही. १८६८ पासून ती तिथे उभी आहे, टिळक तिथे शिकले, आणि आता तिथे पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राचं संशोधन चालतं. तिथे शिकवणाऱ्या एका बाईंनी भानामतीची इतकी तपशीलवार टिपणं ठेवली, हे मात्र त्या भागातून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या कानावर असेल.

या बहिणी किती काटेकोर होत्या हे पाहायचं तर विंटरनिट्झ यांचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास उघडावा. त्या भल्यामोठ्या जर्मन ग्रंथाच्या पहिल्या खंडाचं इंग्रजी भाषांतर शीलवतीबाईंचं, आणि दुसऱ्या खंडावर दोघी बहिणींची नावं आहेत. तळटिपांनी भरलेला, एकेका पोथीचा हवाला तपासत जाणारा तो मजकूर. असं काम करणारी बाई घरातल्या गोष्टीही तशाच शिस्तीने लिहिणार. मिस कोह्न यांनी तेच केलं, आणि आपली टिपणं लंडनला हॅरी प्राइस यांच्याकडे धाडली.

प्राइस हे त्या काळचं मोठं नाव. जादूगारांच्या हातचलाखीची उत्तम जाण असलेला हा गृहस्थ मृतात्म्यांशी बोलत असल्याचं सांगणाऱ्या माध्यमांची आणि भुताटकीची तपासणी करायचा. त्याने लंडनमध्ये खास प्रयोगशाळा काढली होती, आणि १९२६ मध्ये असल्याच प्रकारांनी गाजलेल्या एका रुमानियन मुलीला तिथे आणून तपासलं होतं. पुण्याच्या प्रकरणावर प्राइस आणि कोह्न या दोघांच्या नावे १९३० मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात दीर्घ लेख छापून आला. तेव्हापासून पोल्टरगाइस्टचा, म्हणजे आपल्याकडच्या भानामतीच्या युरोपीय भावंडाचा, अभ्यास करणारे लोक पुण्याचं हे घर विसरलेले नाहीत. आपण मराठी लोक मात्र विसरलो.

आता प्रश्न उरतो तो नाण्याचा. ते हवेत प्रकट कसं झालं?

मिस कोह्न खोटं लिहीत होत्या असं मला क्षणभरही वाटत नाही. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. पण डोळ्यांना जे दिसतं त्याचं एक गणित असतं, आणि ते फार सुंदर आहे. समजा कुणी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून नाणं वर भिरकावलं. हातातून सुटताना ते वेगात असतं, शिवाय तेव्हा आपलं लक्ष तिकडे नसतं. वर जाता जाता त्याचा वेग कमी होत जातो आणि सगळ्यात वरच्या बिंदूपाशी वर-खाली जाण्याचा वेग शून्य होतो. तिथून खाली येताना पहिल्या पाव सेकंदात नाणं जेमतेम एक फूट उतरतं. वर जातानाचा शेवटचा पाव सेकंदही तसाच, एका फुटाचा. म्हणजे अख्खा अर्धा सेकंद ते हवेत एकाच ठिकाणी रेंगाळल्यासारखं असतं. त्यात गिरक्या घेत असेल तर कड समोर येते तेव्हा दिसेनासं होतं आणि चपटी बाजू वळली की चमकतं. दुसरीकडे, नजर एका जागेवरून उचलून दुसरीकडे न्यायलाच आपल्याला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेव्हा आपली नजर नाण्याला गाठते ती बहुतेक वेळा वरच्या टप्प्यात. हात केव्हाच खाली गेलेला असतो. दिसतं ते एवढंच, की मघाशी जिथे काहीच नव्हतं तिथे नाणं आहे आणि ते आता पडू लागलं आहे. प्रकट झालं, याहून नेमका शब्द अशा वेळी कुणाला सुचेल?

नाणं त्या घरात असंच आलं, हे यातून सिद्ध होत नाही. पण चांगल्या माणसाने प्रामाणिकपणे अशक्य गोष्ट पाहिल्याचं सांगावं, यात अशक्य काही नाही एवढं मात्र नक्की होतं.

स्मृतीचं काम तर डोळ्यांहून अवघड. १८८७ मध्ये लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. एस. जे. डेव्ही नावाच्या तरुणाने पाटीवर आपोआप अक्षरं उमटवून दाखवण्याच्या बैठका घेतल्या. ती सरळसरळ हातचलाखी होती. पाहणाऱ्यांना त्याने जे पाहिलं ते लिहून द्यायला सांगितलं, आणि रिचर्ड हॉजसन या चिकित्सक संशोधकाने ती टिपणं प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून पाहिली. सुशिक्षित, दक्ष माणसांनी नेमके कळीचे क्षण गाळले होते, घटनांचा क्रम बदलला होता, न केलेल्या तपासण्या केल्याचं लिहिलं होतं. कुणीच मुद्दाम फसवत नव्हतं. एकविसाव्या शतकात रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत लोकांना बसवलं आणि न हललेलं टेबल हललं असं नटाकडून नुसतं म्हणवून घेतलं. नंतर विचारल्यावर साधारण एक तृतीयांश लोक म्हणाले, टेबल हललं.

तरीही भानामतीचा अभ्यास म्हणजे साक्षीदारांच्या चुका काढणं एवढंच नव्हे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लोकांनी काय काय करून पाहिलं, ते वाचताना मन हरखून जातं. माझ्या सगळ्यात आवडीचा प्रयोग इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. १९५५ मध्ये जी. डब्ल्यू. लॅम्बर्ट यांनी एक तर्क मांडला होता: घराखालून भूमिगत पाण्याचा प्रवाह जात असेल, पुरात किंवा भरतीत त्याचा दाब वाढत असेल, तर पाया हादरून ठोकल्याचे आवाज येतील, वस्तू सरकतील. तर्क नीटस होता आणि त्यात भूत नव्हतं. ॲलन गॉल्ड आणि टोनी कॉर्नेल या दोघा संशोधकांनी ठरवलं, वाद कशाला, घरच हलवून पाहू. पाडायला काढलेलं घर मिळवलं, भिंतीला कंपनं देणारं यंत्र जखडलं, आत ठिकठिकाणी वस्तू मांडून ठेवल्या आणि यंत्र सुरू केलं. घर थरथरलं, उभं राहणाऱ्याच्या अंगात कंप जाणवू लागला. पण भानामतीच्या वर्णनात वस्तू जशा उडतात तसं एकही भांडं उडालं नाही. वस्तू उडण्याइतका हादरा द्यायचा तर आधी घरच कोसळेल, हे उघड झालं. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. भुताच्या विरोधातला तर्क असला तरी त्याचीही परीक्षा घ्यायची, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. याच दोघांनी पुढे १९७९ मध्ये शतकानुशतकांची ५०० प्रकरणं गोळा करून, प्रत्येकातली ६३ लक्षणं संगणकात घालून वर्गवारी केली. ढोबळमानाने दोन गट पडले. एका गटात प्रकार जागेला चिकटलेले, वर्षानुवर्षं चालणारे. दुसऱ्यात ते माणसाला चिकटलेले, थोड्या काळात आटोपणारे. केतकरांच्या घरचा प्रकार दुसऱ्या गटातला.

जागेच्या बाबतीत विक टॅन्डी या इंजिनिअरची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीच्या एका प्रयोगशाळेत लोकांना उगाचच भीती वाटायची. टॅन्डींना स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीचं पातं शिकंज्यात अडकवून ठेवलं होतं, ते आपोआप थडथडू लागलं. भूत शोधायचं सोडून त्यांनी पातं सरकवत सरकवत कंप सगळ्यात जास्त कुठे आहे ते शोधलं आणि मुळाशी निघाला नवा बसवलेला पंखा. त्याच्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची, कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर उभी राहत होती. १९९८ मध्ये त्यांनी हे मांडलं. अशा लहरींनी माणसाला आकृत्या दिसतात, हे पुढच्या प्रयोगांत ठामपणे उतरलेलं नाही. पण पातं थडथडलं ते पंख्यामुळे, हे पक्कं.

माणसाला चिकटलेल्या प्रकारांसाठी अमेरिकेत विल्यम रोल यांनी वेगळाच विचार मांडला. ताणाखाली असलेल्या माणसाच्या मनातून, त्याच्याही नकळत, वस्तूंवर जोर चालतो असं त्यांचं म्हणणं. मायामीतल्या एका गोदामात १९६६-६७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वस्तू पडण्याच्या २२४ घटना नोंदवल्या. एकोणीस वर्षांचा एक कारकून जवळ असला की त्या व्हायच्या, आणि त्याच्यापासून अंतर वाढत जाईल तशा कमी व्हायच्या. रोल यांना यात एखाद्या अज्ञात शक्तीचा नियम दिसला. मला यात हाताची लांबी दिसते. जवळची वस्तू ढकलणं सोपं, लांबची अवघड. ज्या आलेखातून दोन्ही निष्कर्ष निघतात, तो आलेख दोघांपैकी कुणाच्याच कामाचा नाही. १९८४ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात एका चौदा वर्षांच्या मुलीभोवती टेलिफोन उडतानाचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. त्याच घरात चुकून चालू राहिलेल्या टीव्ही कॅमेऱ्याने तिला स्वतःच दिवा ओढून पाडताना टिपलं. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं तिला वाटलं होतं.

इथून आपण महाराष्ट्रात परत येऊ, कारण प्रकार घडवणाऱ्या माणसाचा हा शेवटचा धागा आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी जितका खोल नेला तितका पाश्चात्त्य संशोधकांपैकी फारच थोड्यांनी नेला, असं माझं मत आहे. भानामती झाली की काय होतं ते मराठवाड्यात, विदर्भात कुणालाही विचारा. दांडीवरच्या कपड्यांना आग लागते. ट्रंकेतल्या घडीच्या साड्या कातरलेल्या निघतात. घरावर दगड पडतात. शिजलेल्या अन्नात घाण सापडते. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. युरोपातल्या प्रकरणांत नसलेली ही शेवटची खूण नीट पाहण्यासारखी आहे. बिब्ब्याच्या सालीतला चीक लागला की लगेच फार काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कातडी काळवंडते, फोड येतात. म्हणजे काडीने फुली काढणारा हात आणि फुली दिसण्याची वेळ यांच्यात अख्खी रात्र जाते. सकाळी घरातल्या दहा जणांसमोर, कुणी स्पर्शही न करता, अंगावर फुली वर येते. पाहणारे खरंच सांगतात, कुणी हात लावला नाही.

श्याम मानव यांनी १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, आणि १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन भानामती थांबवली. त्यांची रीत सांगायला साधी आहे. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं, एकेकट्याने बोलायचं. काय घडलं यापेक्षा कोण कुठे होतं हे आधी विचारायचं. कपडे पेटले तेव्हा शेवटचं त्या खोलीतून कोण बाहेर आलं? घर कुलूपबंद असताना कधी काही झालं का? कोण माहेरी गेलं की चार दिवस शांत जातात? फुल्या आहेत त्या जागी स्वतःचा हात पोचतो का? असे तपशील जुळवत गेलं की बहुतेक वेळा घरातलंच एक माणूस समोर येतं. कधी सासरी कोंडमारा होणारी सून, कधी शाळा सोडायला लावलेली मुलगी, कधी बापाचा मार खाणारा पोरगा. जिला घरात तोंड उघडायची सोय नाही, तिच्या वतीने कपडे पेटतात. त्यातल्या काही जणी हे पुरत्या भानावर राहून करतात, काहींना नंतर ते आठवतही नाही. मानसोपचारात याची ओळख आहे, त्यावर उपचार आहेत.

कार्यकर्त्यांची ही रीत वाचल्यावर मिस कोह्न यांची टिपणं मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. नाणं कुठे पडलं, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या कथेच्या मधोमध होता तो मात्र आपलं घर सुटून या जर्मन-मराठी पुस्तकांच्या घरात दत्तक आलेला लहान मुलगा. त्याला काय म्हणायचं होतं? त्या घरात त्याच्यावर प्रेम होतं, म्हणूनच त्याच्या हातांवर नजर ठेवायचं कुणाच्या मनात आलं नसावं. प्रेमळ घरातली भानामती शोधायला नेहमीच जास्त अवघड जाते, आणि बाहेरचा माणूस लागतो तो यासाठी.

बाहेरचा माणूस वेळेवर आला नाही, तर त्याच्या जागी मांत्रिक येतो. मग भूत उतरवण्याच्या नावाखाली त्याच मुलीला दोरखंडाने बांधणं, मिरचीची धुरी देणं, फटके मारणं. किंवा शेजारच्या एखाद्या विधवेवर करणीचा आळ. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच असे प्रकार रोखण्यासाठीचा जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. त्याच वर्षी विधिमंडळाने तो कायदा म्हणून मंजूर केला. बांधणं, मारणं, धुरी देणं, करणीचा आळ घेऊन एखाद्याचं जगणं मुश्कील करणं, हे सगळं त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. ज्याच्या गावात असा प्रकार चालू असेल त्याने सरळ पोलीस ठाणं गाठावं. कायद्यात ठाण्याच्या हद्दीसाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे.

कार्यकर्त्यांच्या रीतीतला एक भाग सांगायचा राहिला. करणारी व्यक्ती कळली की तिच्याशी एकांतात बोलणं होतं. तिचं गाऱ्हाणं ऐकलं जातं, तिच्याकडून पुन्हा असं न करण्याचा शब्द घेतला जातो, गरज असेल तर डॉक्टरांकडे नेलं जातं. घरातल्या मोठ्यांना तिचं कुठे अडतं आहे ते समजावलं जातं. बाहेर अंगणात मात्र गाव जमलेलं असतं आणि त्याला नाव हवं असतं. नाव कधीच सांगितलं जात नाही. भानामती थांबली, आता होणार नाही, एवढंच जाहीर करून कार्यकर्ते निघतात, आणि महिन्याभराने त्या मुलीची चौकशी करायला पुन्हा येतात.